सही न घेतलेले डबे

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच पेमेंट कंपनीचा मेल. विषयाच्या ओळीत 'अंतिम सूचना'. आणखी दोन चार्जबॅक. (यापुढे चाबॅ. पूर्ण शब्द लिहायचंसुद्धा जिवावर येतं.) दोन्ही शहाडच्या त्या सुकामेव्याच्या ऑर्डरींचे. म्हणजे अमेरिकेतल्या कुणा बाईने तिच्या बँकेला सांगितलं, हा खर्च माझा नाही, कार्डाचा नंबर चोरीला गेलाय. बँकेने तिला पैसे परत दिले, आमच्याकडून कापून घेतले, वर दंड लावला. माल गेला तो गेलाच.

शहाडला मिलिंद स्वतः गेलेला पोचवायला. माझ्या नवऱ्याला माणसांची पारख आहे, असं तो स्वतःच सांगतो. खोली उघडून एक हसतमुख माणूस आला, पाणी दिलं, मि. तिथे बसला, गप्पा मारून आला. "चांगला होता गं माणूस, भाच्याने मामाला पाठवलेत म्हणे अमेरिकेतनं." काल परत गेला तर खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, दिवाळीपुरतीच घेतलेली भाड्याने. आमचेच काजू विकून भाडं भरलं असेल.

चिडले, मग हसू आलं, मग परत चिडले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मेलमध्ये उपायही सुचवला होता. कार्ड परदेशी आणि डिलिव्हरी भारतात असेल तर अशी ऑर्डर आपोआप अडवायची. सेटिंग आहे, एक बटण दाबायचं. दाबलं.

दिवसभर एकही ऑर्डर नाही. मला वाटलं दिवाळीनंतरचा थंडपणा. संध्याकाळी मि. माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत म्हणाला, "अगं, आपलं सगळं गिऱ्हाईकच ते आहे ना."

खरंच की. धंदाच तो. परदेशातल्या मुलांनी पैसे भरायचे, आम्ही इथे ठाण्या-कल्याण-डोंबिवलीत त्यांच्या आईबापांच्या घरी डबा पोचवायचा. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, लसणाची चटणी. सोबत मुलाचा निरोप, मी माझ्या अक्षरात चिठ्ठीवर उतरवलेला. चोरही परदेशी कार्ड वापरून इथला पत्ता देतो आणि पोटचा मुलगाही. मशीनला दोघं सारखेच दिसतात. परदेशी कार्डाला ओटीपीसुद्धा लागत नाही.

बटण परत बंद केलं. म्हणजे चोरांना दार उघडं. दुसरं काय करणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज कळस झाला. एकाच माणसाचे, एकाच दिवशी, गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या डब्यांचे चाबॅ. निखिल प्रधान. कारण लिहिलंय, 'हे व्यवहार कार्डधारकाने केलेले नाहीत.'

निखिल प्रधान म्हणजे पाचपाखाडीच्या प्रधान काकूंचा मुलगा, कॅनडात असतो. काकू आमच्या सगळ्यात जुन्या. शाळेत मराठी शिकवायच्या, आता एकट्या. ह्यात चोरी कुठून आली? प्रत्येक डबा मि. ने त्यांच्या हातात दिलाय. दोनदा मीही होते. मला तर त्यांनी आग्रहाने बसवून शिरा खायला घातलेला.

कंपनीतल्या मुलीला फोन लावला. गोड बोलते. "मॅम, तुमचं चाबॅ. चं प्रमाण मर्यादेच्या वर गेलंय. सेटलमेंट आम्ही थांबवलंय, म्हणजे विक्रीचे पैसे तुमच्या खात्यात येणार नाहीत. हे डिस्प्यूट हरलात तर अकाउंट बंद होईल." मी म्हटलं, दुसऱ्या कंपनीकडे जाऊ. तर म्हणे बंद झालेल्यांची नावं एका यादीत जातात, सगळ्या कंपन्या ती बघतात, मग कुणीच घेत नाही.

म्हणजे दुकान संपलं. मि. ची वेल्डिंगची शेड बंद झाल्यापासून घर ह्यावरच आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुरावे द्यायचेत. ग्राहकाने माल घेतल्याची सही, फोटो, काहीही.

आमच्याकडे काहीच नाही. सुरुवातीला मीच म्हणालेले सही घेत जाऊ या. मि. ने ऐकलं नाही. "अगं, ऐंशीच्या घरातली माणसं. मुलाने खाऊ पाठवलाय म्हणून दार उघडतात. त्यांच्यापुढे कागद धरू? आपण काय बँकेचे वसुलीवाले?" फोटोचं म्हटलं तर आणखी भडकला. "म्हाताऱ्यांच्या हातात डबा देऊन फोटो काढायचा? मदतवाटप आहे का?" मला ते पटलं होतं. आजही पटतं. डबा द्यायचा, 'निखिलने पाठवलाय' म्हणायचं, दिला तर चहा घ्यायचा. चहा सगळ्याच घरांत मिळतो असं नाही. आमचं आडनाव विचारून आतल्या आत गप्प होणारेही आहेत. पण कागद आम्ही कुणापुढेच धरला नाही.

मोठा रुबाब केला आम्ही. आता त्याचीच किंमत मोजतोय.

आणखी एक. कार्डाच्या स्टेटमेंटवर आमच्या दुकानाचं नाव येतच नाही. येतं मि. च्या बंद पडलेल्या शेडचं, इंजिनिअरिंग वर्क्स. सीएची फी वाचवायला जुन्याच रजिस्ट्रेशनवर काम चालवलं. कॅनडातल्या माणसाला वाटणारच, मी कधी डोंबिवलीत लोखंडी गेट बनवून घेतलं?

जीव जरा हलका झाला. नाव ओळखलं नसेल, एवढंच असेल. उद्या फोन करते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एवढंच नव्हतं.

निखिलने तिसऱ्यांदा उचलला. मी सगळं सांगितलं, डबे, काकू, इंजिनिअरिंग वर्क्सचा घोळ. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण मी खरंच काही ऑर्डर केलेलं नाही."

"अहो, तुमच्या नावाने येतात ऑर्डरी. निरोपही असतो. आई, वेळेवर जेव, निखिल."

मग, "ते केतकीने केलं असणार."

केतकी म्हणजे त्याची बायको. उन्हाळ्यापासून वेगळी राहते. घटस्फोट चाललाय. तिच्याकडे त्याच्या खात्याचं जोडकार्ड राहिलं होतं. वकिलाने सांगितलं, वेगळे झाल्यानंतर तिने त्यावर केलेला प्रत्येक खर्च नाकारायचा. त्याने नाकारला. त्यात आमचे डबेही आले.

मी म्हटलं, आमचे डबे तेवढे मान्य करून टाका ना, तुमच्याच आईच्या पोटात गेलंय.

"एक मान्य केला की बाकीचेही मान्य केल्यासारखं होतं. वकील नाही म्हणतो. सॉरी. आणि प्लीज, आईला ह्यात ओढू नका. तिला घटस्फोटाचं माहीत नाही."

माणूस वाईट वाटला नाही. दमलेला वाटला. म्हणून जास्तच राग आला, धड शिव्याही देता येईनात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केतकीचा मेसेज. ऑर्डरीत तिचाच मेल आयडी होता, काल मी त्यावर लिहिलं होतं. जसाच्या तसा उतरवते.

"ताई, मीच पाठवत होते. निखिल आईंना फोन करत नाही, आमचं सुरू झाल्यापासून तर अजिबात नाही. त्या वाट बघतात. माझ्या नावाने पाठवले असते तर त्यांनी विचारलं असतं, तो का नाही पाठवत. म्हणून त्याचं नाव घातलं. तुमचे सगळे पैसे मी माझ्या कार्डाने भरते. त्यांना सांगू नका, एवढंच."

कंपनीतल्या मुलीला विचारलं, पैसे परत मिळाले तर? म्हणाली, पैशांचा प्रश्न नाही मॅम, चाबॅ. नोंदला गेला की प्रमाणात धरला जातो. कमी व्हायचा एकच मार्ग, डिस्प्यूट जिंकणं. ज्या व्यक्तीला माल मिळाला तिच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र जोडलंत तर चान्स आहे.

ज्या व्यक्तीला मिळाला. म्हणजे काकू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठाण्याला जाऊन आले. मि. ने सकाळीच बजावलेलं, "सही घेऊनच ये. बाकी काय बोलू नको." पत्र टाइप करून पर्समध्ये.

काकूंनी दार उघडलं आणि खूश झाल्या. "अगं वैशाली, आज अचानक? ये, बस." स्वयंपाकघरात आमच्या सगळ्या बरण्या धुऊन पुसून उलट्या मांडून ठेवलेल्या. परत न्यायला. आम्ही कधी परत मागितल्या नाहीत. "टाकवत नाहीत गं. तुम्हाला उपयोगी पडतील."

चहा झाला. मी पर्सची चेन उघडली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "निखिलला फोन करायला सवड होत नाही, पण डबा चुकवत नाही हो. शेजारच्या देवधरांचा मुलगा रोज व्हिडिओ कॉल करतो, पण कधी चिमूटभर मेतकूट नाही पाठवलं. मी सांगते त्यांना."

चेन लावली. बरण्या घेऊन परत आले. बसमध्ये सगळ्या एकमेकींवर आपटत होत्या, लोक बघत होते.

मि. ने बरण्या बघितल्या आणि काय ते समजला. एकेक उचलून फळीवर ठेवत राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

भांडण झालं.

मि.: "त्या बाईला वाईट वाटेल म्हणून आपण उपाशी मरायचं?"

मी: "तू जा मग. तू घेऊन ये सही."

मि.: "मी गेलो तर मी सगळं सांगून टाकीन. मला खोटं बोलायला जमत नाही, तुला माहितीये."

म्हणजे खोटं बोलायचं काम माझं. त्याची सचोटी मला नेहमी अशी महागात पडते. दुपारी तोच कांदा चिरत उभा होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर पाहिजे म्हणे, रात्रपाळी. अर्ज टाकलाय. त्याच्या गुडघ्याला उभं राहणं झेपत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

इथे कोपरला आमच्या वरच्या मजल्यावर कुणाची तरी हळद चालू होती. दिवसभर बेंजो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं.

काकूंना सांगितलं, आमच्या कंपनीचं ऑडिट आहे, सगळ्या जुन्या ग्राहकांच्या सह्या घेतोय, डबे वेळेवर मिळाले एवढंच लिहायचंय. रिक्षात बसून तीनदा म्हणून बघितलं होतं. सहज निघालं तोंडातून.

काकूंनी चष्मा लावला. शिक्षिका, न वाचता सही करणार थोड्याच. एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे निखिलच्या कार्डाचं काय लिहिलंय?"

"पैसे त्यांच्या कार्डावरून आले, म्हणून. पद्धत आहे."

"बरं." एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला पेनाने, मग सही केली. सुंदर सही आहे. आधार कार्डाचा फोटो काढू दिला. वर म्हणाल्या, "तुमचं चांगलं चाललंय ना गं? ऑडिट वगैरे म्हणजे धंदा वाढला असेल." आणि माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

वडी खाल्ली. थुंकून टाकावीशी वाटत होती, पण खाल्ली. मला माझी लाज वाटते. लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

घरी येऊन सगळं अपलोड केलं. मि. ने विचारलं, "खोटं बोललीस?" हो म्हटलं. त्याने चहा करून दिला.

३ डिसेंबर, बुधवार

काही नाही. 'आपले पुरावे संबंधित बँकेकडे पाठवले आहेत.' सेटलमेंट अजून अडकलेलं. चटणीचे दाणे उधारीवर आणले. किराणावाला गुप्तेशेठ पहिल्यांदाच वर न बघता बोलला.

केतकीने तिच्या कार्डाने काकूंसाठी डिसेंबरचा डबा टाकला. कंपनीच्या यंत्रणेने संशयित म्हणून अडवला. एवढ्या दिवसांत त्या यंत्रणेला संशयित सापडला तो एक प्रामाणिक माणूस.

६ डिसेंबर, शनिवार

पहाटे मि. दादरला गेला, दरवर्षीसारखा. मी ह्या वेळी नाही गेले, डब्यांचं काम होतं असं सांगितलं. काम काहीच नव्हतं. पांढरी साडी काढून ठेवलेली, परत घडी करून ठेवली. खोटी सही घेऊन तिथे रांगेत उभं राहायला मन होईना. मि. म्हणाला, सही खोटी कुठेय, खरीच आहे. ते खरंय. खोटी मी होते.

९ डिसेंबर, मंगळवार

कंपनीतल्या त्या गोड मुलीचा फोन. "मॅम, गुड न्यूज. पहिल्या फेरीत निकाल तुमच्या बाजूने. अकाउंट चालू राहील. फक्त कार्डधारकाला उत्तर द्यायची मुदत आहे. तुमची कागदपत्रं त्यांना दाखवली जातात."

मि. ने मला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला. गुडघा दुखला, तरी हसत होता. चौकातून जिलेबी आणली. मीही हसले. जिलेबी खाल्ल्यावर मला ऐकू आलं ती काय म्हणाली होती ते. कागदपत्रं त्यांना दाखवली जातात.

म्हणजे निखिलला आईची सही दिसणार.

१३ डिसेंबर, शनिवार

काकूंचा फोन. आवाज इतका आनंदी की मला वाटलं काही शुभ आहे.

"अगं, निखिलचा फोन आला होता! किती महिन्यांनी. तासभर बोलला." मग हळू आवाजात, "म्हणाला, आई, तू कशावर सही केलीस? मी म्हटलं, तुझ्याच डब्यांच्या कागदावर. तर म्हणतो, मी कुठलेही डबे पाठवले नाहीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केतकीने पाठवले म्हणे. ते दोघं वेगळे झालेत, हेही आत्ताच सांगितलं. तुला ठाऊक होतं?"

हो म्हटलं. आता आणखी खोटं कुठून आणू.

"अस्सं." मग शिक्षिकेच्या आवाजात, "तो म्हणतो, मी लिहून द्यायचं की कागद काय आहे ते मला नीट सांगितलं नव्हतं, फसवून सही घेतली. नाहीतर त्याला कोर्टात त्रास होईल."

ह्यात खोटं काय आहे? नीट सांगितलं नव्हतंच. फसवूनच घेतली. तो जे लिहून मागतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि ते बँकेत गेलं की आमचं दुकान बंद. मी एवढंच म्हणू शकले, "काकू, माझं चुकलं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. फोन ठेवला.

१७ डिसेंबर, बुधवार

मि. ला अंबरनाथहून बोलावणं आलं. मुलाखत सोमवारी. शर्टाला इस्त्री केली. कॉलर विरलीय, दिसत नाही लांबून.

काकूंचा फोन नाही. मी तीनदा नंबर काढला आणि तीनदा बंद केला. नव्या ऑर्डरी येतायत, ठाकुर्लीची एक, कल्याण पश्चिमेच्या दोन. त्या चोरांच्या आहेत की मुलांच्या, कोण जाणे. आता मि. सही घेतो. फोटोही काढतो. कल्याणच्या एका आजोबांनी डबा परत केला म्हणाला. "मुलाने पाठवलाय ना, मग त्याला सांग आईबापावर विश्वास नसेल तर पाठवू नको." मि. जिना उतरून खालीच बसून राहिला थोडा वेळ.

२२ डिसेंबर, सोमवार

मि. मुलाखतीला, मी ठाण्याला. न कळवता गेले. पाया पडायला गेले होते, खरं सांगायचं तर.

काकूंनी आत घेतलं. चहाचं विचारलं नाही, पण पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. यादी, शेड, केतकीचा मेसेज, ऑडिटचं खोटं. त्या ऐकत होत्या, मध्येच एकदा पंखा कमी केला.

"म्हणजे मी लिहून दिलं तर तुमचं बंद. नाही दिलं तर?"

"मुदत संपेपर्यंत त्यांच्याकडून काही गेलं नाही तर आमचं राहील. आत्तापुरतं."

"कधी संपते मुदत?"

"ह्या शुक्रवारी."

टेबलावर एक कोरा कागद होता, त्यावर पेन. वर फक्त तारीख घातलेली, तीही गेल्या आठवड्यातली.

"रोज फोन करतो आता तो," काकू म्हणाल्या. "त्याच्याकडे सकाळ असते तेव्हा. आई, जेवलीस का विचारतो. गोळ्या घेतल्यास का विचारतो. परवा तर शाळेतल्या जुन्या गोष्टी काढून हसलो दोघं. मग शेवटी विचारतो, कागद लिहिलास का. मी म्हणते, उद्या देते."

'नका देऊ' म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. 'द्या' म्हणायला मि. आडवा येत होता, इस्त्री केलेला शर्ट घालून अंबरनाथला बसलेला. त्यांनी रोज 'उद्या' म्हणावं आणि शुक्रवार उलटावा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते, हेही लिहून ठेवते. स्वार्थी तर स्वार्थी.

निघाले. काकू दारापर्यंत आल्या.

"शुक्रवारनंतर तर त्याला कागद नकोच असेल," त्या म्हणाल्या. "आणि आज दिला तरी काम झालंच त्याचं. दोन्हीकडून त्याचा फोन थांबेल, नाही का गं?"

मी चप्पल घालत होते. पट्टा लागत नव्हता. तो लावत राहिले.